ओर्ताच्या दारात आलेली औषधे

10 एप्रिल 1563 या दिवशी गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापून पूर्ण झाले. छापणारा जुआंव द एंडेम, लिहिणारा गोव्यात स्थायिक झालेला वैद्य गार्सिया द ओर्ता. पुस्तकाचे नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचे तर ‘भारतातील वनौषधी आणि औषधी द्रव्यांविषयीचे संवाद’. अभ्यासक त्याला नुसते ‘कोलोकियुश’, म्हणजे ‘संवाद’, म्हणतात. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. खिळे जुळवणारे हात कच्चे होते आणि चुका इतक्या झाल्या की शेवटी भलेमोठे शुद्धिपत्र जोडावे लागले. आरंभी मात्र व्हाइसरॉयला उद्देशून एक कविता आहे. ती लिहिणारा कवी तेव्हा गोव्यात हालाखीत दिवस काढत होता. तो लुईश द कामोंइश, पुढे पोर्तुगालचा महाकवी ठरलेला. त्याची छापून आलेली पहिली कविता ती हीच, एका औषधांच्या पुस्तकात.

वनस्पतिशास्त्रज्ञ आणि इतिहासकार या पुस्तकाकडे माहितीचे कोठार म्हणून जातात. हिंग, हळद, बिब्बा, वेलदोडा, भांग, धोत्रा, चंदन, नारळ असे सारे तिथे आहे आणि बऱ्याच द्रव्यांची युरोपला पहिली खात्रीची ओळख इथूनच झाली. मला मात्र ते संवाद म्हणूनच वाचायला आवडते. तसे वाचले की एक गोष्ट ध्यानात येते: या पुस्तकात औषध कधी एकटे येत नाही. कोणीतरी ते हातात घेऊन येते, कोणाला तरी त्याची त्या घडीला गरज असते, कोणीतरी त्यावर शंका काढते. औषधाचे ज्ञान माणसांमध्ये कसे वसते आणि या हातातून त्या हातात कसे जाते, ते इथे चालताबोलता दिसते. पुस्तकाचा रस त्यात आहे, असे मला वाटते.

रचना वरवर अगदी साधी आहे. एकूण 59 संवाद, साधारण वर्णानुक्रमाने लावलेले. बोलणारे मुख्यतः दोघे. एक स्वतः ओर्ता: सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत शिकलेला, लिस्बनला अध्यापन केलेला, 1534 साली मार्तिम आफोंसु द सोझाच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानात आलेला. दुसरा रुआनो, त्याचा जुना सहाध्यायी, नुकताच गोव्याला उतरलेला. हा रुआनो काल्पनिक आहे. त्याला सगळे ग्रंथ पाठ, आणि पाहिलेले काहीच नाही. प्लिनी काय म्हणतो, दिओस्कोरिदेस काय म्हणतो, गॅलेनचे मत काय, हे तो दर पानावर विचारतो. ओर्ता उत्तर देतो ते मी पाहिले, मी चाखले, अमक्या व्यापाऱ्याने दाखवले, तमक्या हकिमाने सांगितले असे. वाचताना हळूहळू कळते की रुआनो म्हणजे तीस वर्षांपूर्वीचा ओर्ताच आहे. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनविरुद्ध तोंड उघडण्याची माझी छाती झाली नसती, अशा अर्थाचे तो एके ठिकाणी बोलून जातो. म्हणजे हा वाद दोन मित्रांचा दिसला तरी एका माणसाने आपल्याच शिक्षणाशी घातलेला आहे. पंडिताला प्रश्न विचारायला लावायचे आणि अनुभवी माणसाने उत्तर द्यायचे, या उलट्या मांडणीतच पुस्तकाची भूमिका सांगून होते.

आता कडुनिंबाचा संवाद पाहा. तो वनस्पतीच्या वर्णनाने सुरू होत नाही. रुआनो ओर्ताला आठवण करून देतो की तू तुझ्या त्या मोलाच्या घोड्याला एका झाडाने बरे केल्याचे सांगितले होतेस, ते झाड कोणते, ते मला लक्षात ठेवायचे आहे. म्हणजे झाडाआधी घोडा, आणि घोड्याआधी कधीतरी सांगितलेली गोष्ट. ओर्ता सांगतो की या झाडाचे गुण त्याला बालेघाटात कळले. बालेघाट म्हणजे घाटमाथ्यावरचा दख्खनचा मुलूख, निजामशाहीचा प्रदेश. तिथे घोड्यांच्या पाठीला अशा जखमा होत की त्या स्वच्छ करणे आणि भरून आणणे अवघड जाई. निंबाचा पाला ठेचायचा, त्यात लिंबाचा रस मिसळायचा आणि जखमेवर ठेवायचा. जखम लवकर स्वच्छ होई आणि घोडा लवकर बरा होई.

वर्णन चार ओळींचे आहे, पण शब्दांचा क्रम पाहा. आधी जखम स्वच्छ होणे, मग घोडा बरा होणे. या दोन पायऱ्या ओर्ता वेगळ्या ठेवतो. ज्याने रोज जखम उघडून पाहिली आहे, त्यालाच असे वेगळे सांगावेसे वाटते. आणि पाठच का? खोगीर घासून पडणारी जखम ही. अरबस्तानातून गोव्याच्या बंदरात उतरणारा घोडा म्हणजे त्या काळची सर्वांत महागडी चीज. त्यावर दख्खनच्या फौजा चालत आणि गोव्याची जकात भरत असे. एवढ्या किमतीच्या जनावरावर गॅलेनचे वचन बरोबर की चूक, याचा निकाल चार दिवसांत लागतो. तबेल्यात शिकलेले वैद्यक असे रोखठोक असते. हा उपाय नेमका कोणी दाखवला ते ओर्ता सांगत नाही. दख्खनच्या तबेल्यात घोड्याच्या पाठीची काळजी मोतद्दार वाहत असे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. त्या वाक्यातली मोकळी जागा आपण आपोआप भरतो. पण लेखकाने ती मोकळी सोडली आहे, हेही विसरता येत नाही.

पुस्तकातली मोकळी जागा सर्वांत जास्त आंतोनियाभोवती आहे. आंतोनिया ही ओर्ताच्या घरातली सेविका. करमळांच्या प्रसंगात तो तिला झाडावरून एकदोन करमळे तोडून आणायला सांगतो. लगेच तिचे उत्तर येते, ही घ्या, एवढ्याच अर्थाचे. रुआनो फळ पाहून खूश होतो आणि चव सांगतो: आंबटगोड, फार आंबट नाही. ओर्ता त्याची निरनिराळ्या मुलखांतली नावे सांगतो, याचा साखरेतला मुरंबा फार चांगला होतो म्हणतो आणि पुन्हा हाक मारतो, आंतोनिया, मुरवलेले करमळ घेऊन ये. नाटकाच्या दृष्टीने पाहिले तर हा अगदी बारीकसा प्रवेश आहे. पण त्यात झाड कुठे आहे, फळ पिकले आहे की नाही, मुरंब्याची बरणी कुठे ठेवली आहे, हे सगळे जिला ठाऊक आहे ती बाई बोलते एक वाक्य. ज्याला ठाऊक नाही तो पानभर बोलतो. ओर्ताने हे जाणून लिहिले असेल असे मी म्हणणार नाही. त्याने घरात जे घडत होते ते लिहिले. तरी त्या एका वाक्यामुळे कळते की या विद्वानांच्या गप्पा एका राबत्या घराच्या आधारावर उभ्या आहेत. आजीच्या बटव्याचे गोडवे गाताना बटवा भरण्याचे कष्ट आपणही असेच एका वाक्यात उरकतो.

सर्वांत थरारक प्रवेश कोष्ठाच्या संवादात येतो. दोघे मित्र कोष्ठ या सुगंधी मुळाबद्दल बोलत बसलेले असतात, तेवढ्यात एक चाकर धावत येतो. त्याच्या धन्याच्या भावाला बरे नाही. ही भेटीची वेळ नव्हे हे खरे, पण उशीर झाला तर जिवावर बेतेल. काय होते आहे, किती वेळ झाला, असे ओर्ता विचारतो. चाकर म्हणतो, मोडशी, दोन तास झाले. मराठी-कोंकणी घरांतला हा शब्द पोर्तुगिजांनी घासून ‘मोर्देशी’ केला होता. लक्षात घेण्याजोगे हे की रोगाचे निदान वैद्य करत नाही, चाकर करतो, तेही देशी नावाने, आणि लक्षणे सुरू झाल्याचा वेळही तोच मोजून सांगतो. ओर्ता तुझ्या मागोमाग येतो म्हणून उठतो, आणि तिकडे माणूस शेवटच्या घटका मोजत असताना रुआनो विचारतो की या रोगाला आपल्याकडे काय म्हणतात, इथले लोक काय म्हणतात, लक्षणे कोणती, उपाय कोणता! पंडिताचे कुतूहल आणि वैद्याची घाई यांची ही टक्कर ओर्ताने काही न बोलता हसू येईल अशी रंगवली आहे.

मग इथल्या लोकांचे उपाय येतात. रोग्याला तांदळाची पेज पाजतात, मिरी आणि जिरे घालून. तळपायांना डाग देतात. डोळ्यांत पिंपळी टाकून पाहतात, रोग्यात किती दम उरला आहे ते जोखायला. पेटके येतात म्हणून डोके, हात आणि पाय पट्ट्यांनी घट्ट आवळतात. खायला विड्याचे पान देतात. आजचा वाचक या यादीशी थबकतो, कारण तिच्यात जीव वाचवणारे आणि छळणारे शेजारी शेजारी बसले आहेत. मोडशीत, म्हणजे पटकीत, शरीरातले पाणी आणि क्षार वेगाने निघून जातात आणि माणूस त्यानेच दगावतो. 1971 साली निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले, आणि तांदळाच्या पिठाचे जलसंजीवनी मिश्रणही पुढे उपयोगी ठरले. त्या प्रकाशात पेजेचे भांडे शहाणे वाटते. पण त्याच अंथरुणाशी तापलेली सळई आहे आणि डोळ्यांत पिंपळी आहे. पेज पाजणाराने आणि डाग देणाराने आपापले काम सारख्याच विश्वासाने केले असणार.

ओर्ता ही यादी चाळून देत नाही. त्याच्या काळी ती चाळण्याची साधनेच नव्हती. स्वतःचे युरोपीय उपचार तो शेजारी मांडतो, आणि तेही आज वाचताना काही फार दिलासा देत नाहीत. मला या उताऱ्याचे मोल वाटते ते यासाठी की परंपरेतले औषध प्रत्यक्षात जसे असते तसे ते इथे दिसते: अनुभवाने सापडलेले आणि भीतीने सुचलेले एकाच पंगतीला. परंपरा म्हणून सरसकट डोक्यावर घेणाऱ्याने हा उतारा वाचावा. मेळघाटात तान्ह्या बाळाचे पोट फुगले की पोटावर तापल्या विळ्याचे चटके द्यायची ‘डंबा’ ही प्रथा आजही बातम्यांत येते. तीही परंपराच आहे. आणि अडाणीपणा म्हणून सरसकट झटकून टाकणाऱ्यानेही तो वाचावा, कारण झटकताना पेजही सांडते.

औषध जाणणारे सगळे सज्जन असतात असेही ओर्ता भासवत नाही. धोत्र्याच्या संवादात पुन्हा दार वाजते. एका घरातली दासी आली आहे. घरातल्या दुसऱ्या काळ्या बाईने मालकिणीला धोत्रा घातला, किल्ल्या काढल्या, गळ्यातले आणि पेटीतले दागिने घेतले आणि एका काळ्या माणसाबरोबर ती पसार झाली. मालकीण भ्रमात आहे, लवकर चला. ओर्ता जातो, उपचार करतो आणि रुआनोला सांगतो की धोत्रा पोटात गेलेला माणूस शुद्धीवर नसतो, हसत राहतो, आणि मोठा उदार होतो, कारण कोणी काहीही उचलून नेले तरी तो नेऊ देतो. ‘उदार’ म्हणण्यातला उपहास झणझणीत आहे.

ओर्ताच्या लेखी ही चोरीची गोष्ट आहे. पण गुलामांच्या बाजाराचे शहर असलेल्या सोळाव्या शतकातल्या गोव्यात, जिच्याकडे स्वतःच्या देहाचीही मालकी नसावी अशा बाईला एका झाडाचे बी किती प्रमाणात घातले तर माणूस मरत नाही पण त्याचे भान हरपते, एवढे अचूक माहीत होते. त्या माहितीच्या जोरावर ती आणि तिचा सोबती निसटले. जाणत्याच्या हातात झाड म्हणजे बळ असते, आणि ते नेहमी दुखणे बरे करण्याकडेच वळते असे नाही. औषधी वनस्पतींच्या किती पुस्तकांत हे इतक्या उघडपणे आले असेल? दारात उभ्या दासीच्या तोंडून ते आले, म्हणूनच आले.

या सगळ्यात ओर्ता विनोद विसरत नाही. हिंगाच्या संवादात विजयनगरच्या राजाची एक गोष्ट आहे. एका पोर्तुगिजाकडे उमदा घोडा होता, पण त्याला वाताचा त्रास, म्हणून राजा तो घेईना. पोर्तुगिजाने पिठात हिंग कालवून घोड्याला चारला आणि घोडा ठणठणीत केला. राजाने घोडा घेतला आणि विचारले, कशाने बरा केलास? हिंगाने, असे ऐकल्यावर राजा म्हणाला की मग त्यात नवल ते काय, तू त्याला देवांचे अन्न दिलेस. पोर्तुगीज आपल्या भाषेत हळूच पुटपुटला की भुतांचे अन्न म्हणा! एका द्रव्याभोवती दोन समाजांची नाके कशी वेगवेगळी वागतात, हे सांगायला याहून चांगली गोष्ट मिळणार नाही. शिवाय औषध, मसाला आणि नैवेद्य यांच्यात इथल्या स्वयंपाकघराने भिंत घातलेली नव्हती, हे राजाच्या एका वाक्यात येऊन जाते. भांगेबद्दल गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने सोझाला सांगितलेली बढाईही अशीच आहे: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण पाहायची लहर आली की थोडी भांग घ्यायची, बस्स.

ज्ञान देण्याघेण्याचे सर्वांत सुंदर दृश्य मात्र अहमदनगरच्या दरबारातले आहे. ओर्ता बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जात असे आणि त्याला मित्र मानत असे. सुलतानाने आपल्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावे शिकवली आणि आपण त्याला लॅटिन नावे शिकवली, असे तो लिहितो. दरबारात अरबी-फारसी परंपरेचे हकीम होते, घाटाखाली कोंकणी बोलणारे वैद्य होते, बंदरात मलाक्का ते होर्मुझपर्यंतचे व्यापारी होते. बिब्बा, करमळ, हळद यांच्यापुढे ओर्ता चारचार पाचपाच मुलखांची नावे लावतो ती हौस म्हणून नव्हे. गोव्याच्या बाजारात भेसळ आणि गफलत टाळायची तर विकणारा ज्या नावाने माल विकतो ते नाव वैद्याला ठाऊक असावेच लागते. बिब्ब्याच्या संवादात औषधी गुणांबरोबर चुना लावून कापडावर खूण करायची रीतही येते, म्हणजे परटाचे ज्ञान वैद्याच्या पोथीत जाते. अतिसारावर इथले लोक वापरतात ते जे झाड तो सांगतो, ते अभ्यासकांच्या मते आपला कुडा. कोकणात कुड्याची साल अजून सर्वांच्या ओळखीची आहे.

पण इथे ओर्ताला मोकळे सोडून चालणार नाही. मालूपा नावाचा एक हिंदू वैद्य या संवादांत प्रत्यक्ष अवतरतो. सबंध ग्रंथात नावानिशी बोलणारा देशी वैद्य म्हणून तो मोलाचा आहे, पण त्याच्या वाट्याला वाक्ये थोडी आणि प्रवेश लहान. इतर ठिकाणी इथल्या वैद्यांबद्दल ओर्ताचा सूर वरचढपणाचा आहे: यांना शरीररचना ठाऊक नाही, हे नुसत्या अनुभवाने आणि रिवाजाने बरे करतात. आता गंमत पाहा. रुआनोने गॅलेनचे नाव घेतले की ओर्ता ज्या शस्त्राने त्याला गप्प बसवतो ते शस्त्र अनुभवाचेच आहे. ग्रंथाविरुद्ध स्वतःचा अनुभव हा पुरावा, आणि मालूपाचा अनुभव ही मात्र उणीव! पुस्तकातली ही फट झाकली गेली नाही याचे श्रेय पुन्हा संवादाच्या घाटालाच. सलग प्रबंध असता तर लेखकाने विसंगती घासून गुळगुळीत केली असती. बोलण्यात ती निसटून राहिली.

संवादाचा हा घाट किती महत्त्वाचा होता, ते तो काढून टाकला तेव्हा दिसले. शार्ल द लेक्लूज, लॅटिनमध्ये क्लुसियुस, हा त्या काळचा थोर वनस्पतितज्ज्ञ. त्याला हे पुस्तक लिस्बनमध्ये मिळाले. त्याने त्याचा लॅटिन सारांश केला आणि तो 1567 साली अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यातून निघाला. युरोपने ओर्ता वाचला तो मुख्यतः या रूपात. क्लुसियुसने मजकूर नीट लावला, टिपा दिल्या आणि गप्पा गाळल्या. विज्ञानाच्या दृष्टीने त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही, कारण त्याला द्रव्ये हवी होती. पण गप्पा गेल्या तशी आंतोनिया गेली, धावत आलेला चाकर गेला, रुआनोचा भाबडेपणा गेला. निंब राहिला; घोड्याच्या आठवणीने सुरू होणारी बोलण्याची लय गेली. कोणते औषध कशावर, एवढे उरले. कोणी सांगितले, कोणत्या घाईत सांगितले, कोणाला पटले नाही, हे नाहीसे झाले. एखाद्या उपायावर किती भरवसा ठेवायचा हे आपण ज्यावरून ठरवतो, ती सगळी सामग्री यातच असते.

याच्या शेजारी शंभर वर्षांनंतरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ ठेवून पाहावा. 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत निघालेला हा मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ डच अधिकारी व्हान रेडने करवून घेतला. त्याच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे आणि रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोचीनच्या तीन कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र छापले आहे. कोंकणी वैद्यांचे प्रमाणपत्र तर नागरी लिपीत आहे. पोर्तुगिजांच्या धर्मछळामुळे गोवा सोडून दक्षिणेला गेलेल्या समाजातले हे लोक. ‘होर्तुस’ने जाणत्यांना नाव दिले, सही दिली. ओर्ताने नाव क्वचित दिले, पण आवाज दिला. मला दोन्ही हवे आहेत, आणि निवड करायचीच तर वाचक म्हणून मी आवाजाकडे झुकतो, न्याय म्हणून सहीकडे.

ओर्ताने संवादाचा आडोसा का घेतला असेल याचे एक गडद कारणही असू शकते. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले यहुदी होते, पोर्तुगालमध्ये सक्तीने बाटवले गेलेले. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारे चर्चचे न्यायालय, आले. पुस्तक निघाले ते त्यानंतर तीन वर्षांनी. ओर्ता 1568 साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. 1580 साली खुद्द ओर्ताची हाडे उकरून काढून जाळली. गॅलेनविरुद्ध बेधडक बोलणारा हा माणूस स्वतःच्या घरच्या धर्माबद्दल पुस्तकभर एक अक्षर बोलत नाही. मतभेद दोन तोंडांत वाटून देण्याची सोय संवादात असते. ज्याला विचार करायचा आहे आणि जपूनही राहायचे आहे, त्याला हा घाट सोयीचा. अशा माणसाला अनेक परंपरांच्या मधल्या जागेत उभे राहणे इतरांपेक्षा सोपे गेले असावे, कारण त्याचे सगळे आयुष्यच त्या जागेत गेले होते.

आजच्या दृष्टीने या पुस्तकाचा धडा व्यवहाराचा आहे. 1995 साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपायाला पेटंट मिळाले होते. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली ते 1997 साली रद्द करवून घेतले, जुने छापील आणि लिखित दाखले पुढे ठेवून. बोटावर हळद दाबणाऱ्या कोट्यवधी हातांची साक्ष तिथे चालत नाही, लिहिलेले दाखवावे लागते. म्हणून तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानंतर गावोगावी लोकांची जैवविविधता नोंदवही करायची ठरली, ज्या कल्पनेसाठी माधव गाडगीळ वर्षानुवर्षे झटले. तिच्या नमुन्यात वनस्पतीचे स्थानिक नाव आहे, वापर आहे, वैदूंची माहितीही आहे. तरी रकाना भरणारा माणूस नकळत क्लुसियुस होतो. झाड, पाला, ताप, असे लिहिले की नोंद संपली.

नोंद करणाऱ्यांनी ओर्ताकडून एवढे घ्यावे. वैदूने सांगितलेला उपाय त्याच्या बोलण्याच्या ओघात लिहावा, कोणाला गुण आला आणि कोणाला आला नाही तेही लिहावे, त्याच गावातल्या दुसऱ्या जाणत्याने नाक मुरडले असेल तर त्याचे म्हणणे खाली जोडावे. पाला कोणी तोडून आणला ते लिहावे, आणि सांगणाऱ्याची परवानगी असेल तर तिचे किंवा त्याचे नाव पूर्ण लिहावे. ओर्ताने जिथे कसूर केली तिथे आपण करू नये. अशी नोंद लांबेल, विस्कळीत दिसेल, तिच्यात पेजेशेजारी डागणी येईल. पण पुढे कोणी डॉक्टर किंवा संशोधक ती तपासायला बसला तर पेज कुठली आणि डागणी कुठली हे निवडायला त्याला अशाच नोंदीचा उपयोग होईल. नुसत्या यादीवरून ते निवडता येत नाही.